सूचक कोणीच नाही

"तर मग, प्रस्तावाला सूचक कोण?" डॉ. उपेंद्र जोगळेकरांनी विचारलं आणि चष्म्याच्या वरून सगळ्यांकडे पाहिलं.

खोलीतल्या सगळ्यांना एकदम तहान लागली. हर्षल वाणीनं पाण्याची बाटली उघडली. त्याचं पाहून प्रभुदेसाईंनीही उघडली. मी पंख्याकडे बघत बसले.

"मी अनुमोदक होतो ना सर," हर्षल म्हणाला. "आनंदानं होतो."

"आमचं पण अनुमोदन धरा," प्रभुदेसाई म्हणाले.

"अनुमोदन माझंही आहेच," जोगळेकर म्हणाले. "पण अनुमोदन द्यायला आधी काहीतरी सुचवलेलं असावं लागतं. सूचक?"

रुबिना माझ्या कानाशी आली. "ताई, वऱ्हाड जेवायला बसलंय आणि नवराच नाही."

या गोष्टीला आता आठेक वर्षं झाली. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पहिल्या मजल्यावरची ही बैठक. आम्ही सगळे संगणकावर मराठी नीट चालावी म्हणून काहीबाही लिहिणारी माणसं. लिहायचं आणि जगाला फुकट देऊन टाकायचं. कोणीही वापरावं, कोणीही दुरुस्त करावं. जोगळेकरांचा 'उच्चार' मजकूर वाचून दाखवायचा. हर्षलचा 'शुद्ध' चुका काढायचा. सावंतवाडीच्या प्रभुदेसाईंचा 'टंक' जोडाक्षरं पडद्यावर सरळ उभी करायचा. आणि माझा 'विल्हे' नावं अकारविल्हे लावायचा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण 'क्ष' कुठे घालायचा आणि 'ज्ञ' कुठे, यावर मी आयुष्याची जेवढी वर्षं घातली, तेवढ्यात बायका नातवंडं वाढवतात.

मी हे कुठल्या कॉलेजात शिकले नाही. इचलकरंजीला आमचे यंत्रमाग. तिथल्या ऑफिसात बसून, मागांच्या खडखडाटात, पुतण्यानं टाकून दिलेल्या पुस्तकांतून शिकले. त्यामुळे विद्वानांच्या सभेत कसं बोलायचं ते मला येत नाही. नुसतं बघता येतं, आणि बघण्यासारखं तिथे पुष्कळ असतं.

आता प्रश्न काय होता ते सांगते. आम्ही चौघंही ज्या संगणकीय भाषेत लिहायचो, तिच्या दोन आवृत्त्या होत्या, एक जुनी आणि एक नवी. दोघींचं एकमेकींशी पटायचं नाही. जुनीत चालायचं ते नवीत अडायचं. म्हणून आम्ही वर्षानुवर्षं एका घरात दोन चुली पेटवून बसलो होतो. प्रत्येक गोष्ट नवीसाठी एकदा लिहायची, जुनीसाठी परत एकदा. खुद्द ज्यांनी ती भाषा घडवली त्यांनीच जाहीर केलं होतं, की येत्या जानेवारीपासून जुनीकडे आम्ही ढुंकूनही बघणार नाही. जगभरच्या मोठमोठ्या प्रकल्पांनी एकत्र येऊन लिहून दिलं होतं, आम्हीही त्याच तारखेला थांबतो. एकत्र का, तर एकटा थांबला की लोक म्हणतात, बाकीच्यांचं चालतंय, तुम्हालाच काय धाड भरली?

तसंच आम्हीही एकत्र थांबायचं, एवढ्यासाठी ती बैठक. एका वाक्याचं काम होतं.

माझ्या बाजूनं त्यात काय पणाला लागलं होतं, ते मला सकाळी एसटीतच कळलं होतं. रुबिना शिकलगार मिरजेची, क्लासमध्ये गणित शिकवायची. त्याच्या चार वर्षं आधी तिनं 'विल्हे'तली एक चूक दाखवणारं पत्र मला पाठवलं, मग दुसरं, मग चूक दुरुस्त करूनच पाठवली. त्यानंतर ती माझीच झाली. जुन्या चुलीचं काम तिच्याकडे आलं, कारण मला त्याचा कंटाळा होता आणि ती लहान होती. घरांमध्ये असंच होतं. जुनी आवृत्ती वापरणारे लोक तिला रोज लिहायचे. 'तातडीचे', 'अतितातडीचे', 'आपल्या दिरंगाईमुळे आमचा ग्राहक नाराज'. फुकट घेतलेल्या वस्तूबद्दल माणूस किती रुबाबानं तक्रार करतो, ते त्या पत्रांत बघावं.

कऱ्हाड सोडलं तेव्हा ती संत्रं सोलत होती.

"ताई, एक सांगू? आज जुनं बंद झालं तर मी आहे. नाही झालं तर आजपासून मी नाही."

"अगं…"

"तुमच्यावर राग नाही ओ. घ्या, फोड घ्या. पण क्लासवरनं आले की रोज त्या मेल्या आवृत्तीला आंघोळ घालायची, पावडर लावायची, खुर्चीत बसवायची. लोक येऊन म्हणणार, अजून हसत का नाही? माझ्यानं नाही होत आता."

तिचा आवाज चढला असता तर मी समजूत घातली असती. चढला नव्हता.

तर सूचक मिळेना. तेव्हा जोगळेकरांनी जे केलं ते मराठी सभेत नेहमी होतं. त्यांनी निमंत्रितांना मनोगत व्यक्त करायला सांगितलं.

निमंत्रित म्हणजे श्रीरंग टिपणीस. एका मोठ्या कंपनीत त्यांचं काम 'समुदायाशी संबंध' ठेवण्याचं. ही कंपनी सरकारी कचेऱ्यांना आणि बँकांना मराठी सॉफ्टवेअर विकायची, आणि त्याच्या पोटात आमचे चारही प्रकल्प असायचे. बदल्यात टिपणीस आमच्या बैठकीला चहा आणि खारी बिस्किटं द्यायचे आणि त्याला 'योगदान' म्हणायचे. बिस्किटं मऊ पडलेली असायची.

टिपणीस उभे राहिले. छातीवर हात ठेवला.

"मी इथे कंपनीचा माणूस म्हणून बोलत नाही. मराठीचं लेकरू म्हणून बोलतो. मित्रहो, दुर्गम भागातल्या आश्रमशाळा डोळ्यांसमोर आणा. जुने संगणक. त्यावर जुनी आवृत्ती. त्या चिमुकल्या बोटांखालून तुम्ही मराठी काढून घेणार का?"

जोगळेकरांनी चष्मा काढून पुसला. हर्षलनं मान खाली घातली. मुलाबाळांचं नाव निघालं की आपले लोक विचार करायचं थांबवतात, हे टिपणीसांना पक्कं ठाऊक होतं.

"कुठली शाळा?" रुबिनानं विचारलं.

"अं?"

"शाळा कुठली? गाव सांगा की. मी जाऊन नवीन आवृत्ती घालून देते. सुट्टी आहे मला मे महिन्यात."

"अनेक आहेत."

"एक सांगा."

"ती माहिती गोपनीय असते, मॅडम."

"शाळेचं गाव गोपनीय?"

"रुबिनाताई," जोगळेकर म्हणाले, "आपण भावना समजून घेऊ."

भावना समजून घेण्यात अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात रुबिनानं लॅपटॉप उघडला आणि चारही प्रकल्पांची जाहीर पानं वाचून काढली. मग कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं चार गोल काढले, बाण काढले, आणि ओढणी तोंडाला लावून हसायला लागली.

"काय गं?"

"बघा की. टंकच्या पानावर काय लिहिलंय? 'विल्हे जुन्या आवृत्तीसाठी चालू आहे तोपर्यंत आम्हीही चालू ठेवू.' शुद्धच्या पानावर? 'टंक थांबेपर्यंत.' उच्चारच्या? 'शुद्ध थांबेपर्यंत.' आणि आपल्या?"

आमच्या पानावर लिहिलं होतं, 'उच्चार थांबेपर्यंत'. जोगळेकरांचा मान राखायचा म्हणून.

मी तो कागद बघत राहिले. चार गोल, चार बाण, आणि बाण फिरून परत पहिल्याच गोलाशी. आम्ही चौघं एकमेकांसाठी थांबलो होतो. लग्नाच्या पंगतीत चार व्याही हात धुऊन बसावेत, 'तुम्ही सुरू करा', 'छे छे, आधी तुम्ही', आणि भात गार होत जावा, तसं. फरक एवढाच, की इथे गार भात रोज संध्याकाळी एकटी रुबिना खात होती.

जेवायची सुट्टी झाली. मी ताट घेऊन व्हरांड्यात गेले तर टिपणीस मागोमाग आले. त्यांच्या ताटात चार गुलाबजाम होते. इकडे तिकडे बघून ते हळू आवाजात म्हणाले, "कुमुदताई, एक विनंती होती. आपल्यातच ठेवा."

"बोला."

"तोडा ना एकदाचं."

"काय तोडू?"

"जुनं हो. बंद करा. आमची सगळी पोरं दोन वर्षं माझ्या मागे लागलीत, नवीवर जाऊ या म्हणून. पण वरचे साहेब म्हणतात, जुनं चालतंय ना, फुकट दुरुस्त होऊन मिळतंय ना, मग खर्च कशाला? तुमच्यापैकी कोणी थांबलं तर मला वर जाऊन सांगता येईल, आता इलाज नाही."

माझा घास हातातच राहिला. "मग आत्ता आत काय बोलत होता? चिमुकली बोटं?"

"ते बोलावं लागतं, ताई. भाषणाचं चित्रण होतंय, साहेब बघतात. ते मनावर घेऊ नका."

"आश्रमशाळा?"

"असतील की कुठेतरी." त्यांनी गुलाबजाम तोंडात टाकला. "कोणीतरी वाईटपणा घ्यायला हवा हो. तुम्ही लांबच्या. तुम्हाला इथे रोज कोणाला तोंड दाखवायचं नाही. जोगळेकर सरांना कसं सांगणार?"

मी आयुष्यात पुष्कळ प्रकारची माणसं पाहिली आहेत. सूत उधार नेऊन वर दराबद्दल उपदेश करणारे व्यापारी पाहिलेत. पण हा प्रकार नवा होता. या माणसाला जे हवं होतं त्याच्याविरुद्ध तो छातीवर हात ठेवून बोलत होता आणि ते व्हावं म्हणून गुलाबजाम खात माझ्या मागे येत होता. त्याचा राग येण्यासाठी त्याच्यात माणूस शोधावा लागला असता, आणि तेवढी माझी भूक नव्हती.

जेवणानंतर जोगळेकर प्रसन्न होते. त्यांना तोडगा सापडला होता.

"मी स्वतःच सूचक होतो," ते म्हणाले, आणि क्षणभर मला वाटलं, झालं. "प्रस्ताव असा. जुन्या आवृत्तीचा आधार टप्प्याटप्प्यानं थांबवण्याच्या शक्यतेचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमावी. समितीनं पुढच्या अधिवेशनात अहवाल सादर करावा. तोपर्यंत सर्व प्रकल्पांनी आहे तसं चालू ठेवावं."

हर्षलचं अनुमोदन तोंडात तयारच होतं. प्रभुदेसाईंनी मान डोलावली. टिपणीसांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच वेळी माझ्याकडे बघितलं, कुत्र्यानं दारातून ताटाकडे बघावं तसं.

रुबिनानं लॅपटॉप मिटला. ओढणी सारखी केली आणि पिशवी मांडीवर घेतली. एसटीत स्टँड जवळ आला की माणूस घेतो तशी.

"सर्वानुमते लिहू ना?" जोगळेकरांनी इतिवृत्त लिहिता लिहिता विचारलं. विचारायची पद्धत म्हणून विचारलं, पेन 'सर्वा'पर्यंत पोचलं होतं.

"नका लिहू," मी म्हणाले.

पेन थांबलं. "म्हणजे?"

"माझं मत नाही."

"कुमुदताई, आपल्याकडे आजवर एकही ठराव विरोधानं झालेला नाही."

"एकही ठराव झालेला नाही, सर. समित्या झाल्यात."

हर्षल चुकून हसला आणि खोकल्यासारखं केलं.

"तुमची काही अडचण असेल तर समितीत या ना. तुम्हाला घेऊच. महिला प्रतिनिधी म्हणूनही…"

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. मी तिला बरीच वर्षं घरात जेवू घातलं होतं, आणि जेवण दुसरीच कोणी रांधत होती. मी रुबिनाकडे वळले.

"पिशवी ठेव खाली. लॅपटॉप उघड."

"कशाला?"

"आपलं पान काढ. आणि जुनं बंद कर."

"आत्ता? इथे?"

"मग कुठे, देवळात?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "ताई, ही सगळी तुमची माणसं. उद्या तुम्हाला बोलवणार नाहीत."

"खारी बिस्किटं चुकतील. कर."

"तुम्ही सूचक?"

"मी सूचक."

"अनुमोदन," रुबिना म्हणाली आणि लॅपटॉप उघडला.

खोलीत नुसता तिच्या बोटांचा आवाज. जोगळेकर "हा प्रक्रियेचा भंग आहे" असं म्हणत होते, पण कोणाला उद्देशून ते त्यांनाच कळत नसावं. आमच्या पानावर नवीन वाक्य आलं: 'विल्हे येत्या एक जानेवारीपासून जुन्या आवृत्तीसाठी बंद. कोणासाठी थांबणार नाही.' शेवटचं वाक्य तिनं मी न सांगताच घातलं. मी काढायला लावलं नाही.

प्रभुदेसाईंनी आपला फोन बघितला. चष्मा कपाळावर सरकवून परत बघितला. दिवसभरात त्या गृहस्थांनी दोन वाक्यं उच्चारली असतील.

"मगे आमचापण थांबला म्हणूचा," ते म्हणाले.

"म्हणजे काय?" जोगळेकर.

"आमच्या पानावर लिहिलंय ना. विल्हे चालू तोपर्यंत टंक चालू. आता विल्हे थांबलं." त्यांनी फोन खिशात टाकला. "लिहिलंय तसं वागायचं. आणखी काय?"

इतकं समाधान मी एखाद्याच्या चेहऱ्यावर फार क्वचित पाहिलं आहे. त्या माणसाचा पाच वर्षं दुखणारा दात निघाला होता.

हर्षल उठून उभाच राहिला. "सर, मग टंक थांबलं म्हणजे शुद्धही… म्हणजे माझी इच्छा नाही, पण लेखी आहे."

"हर्षल, तू बस."

"बसतो सर. पण थांबलं."

आता सगळे जोगळेकरांकडे बघायला लागले. उच्चारच्या पानावर काय होतं ते त्यांनाही आठवलं असावं, कारण ते वाक्य त्यांनी स्वतःच घडवलं होतं, दोन स्वल्पविराम आणि एक अर्धविराम घालून. त्यांनी इतिवृत्ताचा कागद उलटा केला, सुलटा केला. शेवटी टिपणीसांकडे वळले.

"टिपणीस, कंपनीची भूमिका?"

"तीव्र खेद," टिपणीस म्हणाले. त्यांचे डोळे दिवाळीसारखे चमकत होते. "अत्यंत तीव्र खेद."

आभारप्रदर्शन झालं नाही. आमच्या बैठकांच्या इतिहासात ते पहिल्यांदाच राहिलं, असं मला नंतर कोणीतरी दुःखानं सांगितलं.

पुढे जे झालं ते अपेक्षेप्रमाणे झालं. आठवड्याभरात तिघांची जाहीर निवेदनं आली. 'विल्हेच्या एकतर्फी निर्णयामुळे नाइलाजानं', 'जड अंतःकरणानं', 'अपरिहार्य परिस्थितीत'. जड अंतःकरणाची ही माणसं त्याच रात्रीपासून जुना भाग काढायला बसली होती. टिपणीसांनी मला एक जळजळीत पत्र लिहिलं, त्याच्या प्रती त्यांच्या साहेबांसकट सगळ्या जगाला. 'एका व्यक्तीचा हट्ट', 'समुदायाच्या भावनांचा अनादर', आणि आश्रमशाळा होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"ताई, पत्राचं मनावर घेऊ नका. मंजुरी मिळाली हो! सगळं नवीवर नेतोय. तुमचे उपकार…"

"उपकार रुबिनाचे माना. नंबर देऊ?"

"नको नको. त्या फटकळ आहेत."

मी फोन ठेवून दिला. त्या माणसाला शिवी द्यावी एवढीही त्याच्यात जागा नव्हती.

पुढच्या अधिवेशनाला आम्हाला बोलावणं आलं नाही. जोगळेकरांनी तिथे भाषण केलं, 'प्रकल्पांमधील समन्वय: एक आदर्श'. हर्षलनं त्यातलं एक चित्र मला पाठवलं. चार गोल, चार बाण, रंगीत, सुबक. खाली 'संकल्पना: उ. जोगळेकर'. रुबिनाला दाखवलं तर ती म्हणाली, "बाण तरी नीट काढलेत, माझे वाकडे होते." तिला खरंच एवढंच वाटलं. तुच्छ मानायला मी एकटीच पुरेशी होते.

पण जानेवारीतला तो रविवार. रुबिना सकाळच्या बसनं इचलकरंजीला आली. मागांना सुट्टी होती, त्यामुळे ऑफिसात ऐकायची सवय नसलेली शांतता. आम्ही दोघी शेजारी बसलो आणि जुना भाग काढायला घेतला. ती एकेक तुकडा पडद्यावर आणायची, वाचायची, "हा बघा, या हरामखोरानं माझा ईदचा दिवस खाल्ला होता," म्हणायची आणि काढायची. काढलेल्या ओळी पडद्यावर लाल दिसतात. दुपारपर्यंत नुसता लाल पडदा. ती गुणगुणत होती. चार वर्षांत तिला गाता येतं हे मला माहीत नव्हतं.

मग एका ठिकाणी तिची बोटं थांबली.

"ताई, हे तुमचं आहे."

मी चष्मा लावला. 'क' ते 'ज्ञ', एकाखाली एक, हातानं मांडलेले. शहाणा माणूस दोन ओळींत लिहील ते मी पानभर लिहिलं होतं. 'विल्हे'चा पहिला तुकडा. तेव्हा मला भाषा येत नव्हती, नुसता हट्ट होता. नवी आवृत्ती त्याला हात लावत नव्हती. तो नुसता जुनीसाठी उरला होता.

"हे कोणाला त्रास देत नाही," रुबिना म्हणाली. "असू दे की. थोडे दिवस ठेवूया."

मी तिच्याकडे बघितलं. "समिती नेमायची का?"

ती आधी समजली नाही. मग जी हसली, ती डोकं टेबलावर ठेवूनच हसली.

"काढ," मी म्हणाले.

"नक्की?"

"सूचक मी. तू अनुमोदन दे."

तिनं दिलं. मी त्या वेळी खिडकीतून बाहेर काय बघत होते, असं ती अजून मला चारचौघांत विचारते. समोर शेजाऱ्यांच्या गच्चीवर पापड वाळत घातले होते, असं मी सांगते. तिला ते पटत नाही.